मावसभाऊ

"कोरडं लावू नको रे बाबा, कपाळावर टिकत न्हाई. दोन थेंब पानी घाल अन् बोटानं कालव," असं म्हणून तानुबाईंनी कुंकवाची वाटी नागसेनपुढे सरकवली.

नागसेननं दोन थेंबांऐवजी घोटभर पाणी ओतलं आणि कुंकवाचं पार कालवण करून टाकलं. तानुबाईंनी कपाळाला हात लावला. वाटी तुळशीच्या बुडाशी रिकामी केली आणि नवीन कुंकू काढायला त्या देवघराकडे गेल्या. पुण्यात उंचउंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस. तारांच्या गुंत्यातून नेमकी जळालेली तार शोधून काढणारी त्याची बोटं, पण आज एवढीशी वाटी त्यांना सांभाळता आली नाही.

बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले होते. मेहकरचं स्थळ. मुलगा ज्ञानेश्वर, खताबियाण्याचं दुकान चालवणारा. वय थोडं पुढे गेलेलं, दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. तानुबाईंची एकुलती एक लेक सुवर्णा पुण्यात एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि तिची तिशी उलटून गेली होती. गावात, बीबीत, तिच्याबरोबरीच्या बायकांची पोरं पाचवी-सहावीला होती. त्यामुळे सकाळपासून घरात जो तो दबक्या पावलांनी वावरत होता. अंगणात उतरलेलं पाखरू उडून जाऊ नये म्हणून माणसं वावरतात ना, तसं.

या घराची एक रीत होती. बोलणी जमली की सुपारी फोडायच्या आधी मुलीच्या भावानं मुलाला टिळा लावायचा आणि हातात नारळ द्यायचा. भावानं टिळा लावला म्हणजे घरानं मुलगी दिली. सुवर्णाला सख्खा भाऊ नव्हता आणि वडील कधीच गेले होते. धाकटे चुलते रामराव यांना दोन मुलगे होते, पण तानुबाईंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की टिळा नागसेन लावील, मी त्याला पुण्याहून बोलावून घेतलंय. रामराव यावर काही बोलले नव्हते. ते बोलले नाहीत म्हणजे त्यांना पटलं असा अर्थ मात्र घरात कोणी काढला नव्हता.

आणि नागसेन सुवर्णाचा भाऊ नव्हताच. सख्खा नाही, चुलत नाही, लांबचा तर मुळीच नाही. तो जळगाव जामोदकडच्या एका खेड्यातला, बौद्ध घरातला. तो भाऊ झाला पुण्यात, एका जिन्यावर, बोलता बोलता.

धनकवडीत सुवर्णा आणि मेहकरची पूनम या दोघी नर्सांनी मिळून एक घर भाड्यानं घेतलं होतं. नागसेन त्यांच्या दवाखान्याची लिफ्ट बघायला यायचा. पहिल्याच दिवशी तो फोनवर कोणाला तरी "येऊन राह्यलो ना बे" असं म्हणाला आणि औषधांची ट्रॉली ढकलत चाललेली सुवर्णा जागीच थांबली. आपल्या जिल्ह्याचं बोलणं तिनं दिवाळीनंतर ऐकलंच नव्हतं. "कुठले तुम्ही?" असं तिनं विचारलं आणि ओळख झाली.

त्या वेळी नागसेन कंपनीच्या गोदामात झोपत होता. खोली पसंत पडायची, भाडं ठरायचं, मग मालक सहज विचारल्यासारखं विचारायचा, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव कानावर पडलं की मालकाचा कोणीतरी पुतण्या गावाहून राहायला येणार असायचा.

"पुन्यात पुतने लय झाले," नागसेन हसून सांगायचा. पहिल्यांदा सुवर्णाही हसली. पुढच्या वेळी तिला हसू आलं नाही. तिसरं माणूस आलं तर भाडं हलकं होईल, बाहेरची खोली रिकामीच पडलीय, असं तिनं पूनमला पटवलं आणि त्याला घर दाखवायला आणलं.

जिन्यावर मालकीणबाई आडव्या आल्या. "हे कोण?"

"माझा मावसभाऊ," सुवर्णानं सांगून टाकलं.

मालकीणबाईंना उलट बरंच वाटलं. पोरींच्या सोबतीला घरचं माणूस. मावसभावाचं आडनाव वेगळं असायचंच, त्यामुळे तेही कोणी विचारलं नाही. वर आल्यावर पूनम मात्र पोट धरधरून हसली. "बाई, मामेभाऊ म्हनायचं ना! मामाच्या पोराशी लगन तरी होते. मावसभाऊ म्हनून तं तू आपल्या हातानंच दार लावून घेतलं." तेव्हा तिघंही हसले होते.

श्रावणात मालकीणबाई स्वतःच ओवाळणीचं ताट घेऊन वर आल्या. ड्यूटीच्या गडबडीत भावाला राखी बांधायची राहून जाईल, अशी त्यांना काळजी. नागसेनच्या घरी राखीचा सण करत नसत. त्यानं डावा हात पुढे केला. मालकीणबाईंनी त्याचा उजवा हात धरून पुढे ओढला आणि मोबाईलवर फोटो काढला. गाठ मारताना सुवर्णानं मान वर केली नाही.

त्यानंतरच्या पाच वर्षांत दोघांमध्ये काही घडलं नाही, असं कोणी म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. पूनमचं त्याच वर्षी लग्न झालं आणि ती नाशिकला गेली. तिच्या जागी दुसरी मुलगी आणू, असं दोघं काही दिवस म्हणत राहिले आणि मग म्हणायचे थांबले. सुवर्णा आतल्या खोलीत, नागसेन बाहेरच्या. नळाला पाणी सकाळीच यायचं आणि रात्रपाळी करून ती तेव्हा झोपलेली असायची. तो तिची बादली भरून ठेवायचा, धारेचा आवाज होऊ नये म्हणून नळाला फडकं बांधायचा. वॉर्डात कोणी दगावलं की ती घरी येऊन कितीतरी वेळ हात धूत राहायची. तो काही विचारत नसे. चहाचं आधण ठेवायचा आणि तोवर कुकरची दांडी घट्ट करत बसायचा. ती दांडी त्यानं इतक्यांदा घट्ट केली की शेवटी तिचे आटेच झिजले.

एकदा दिवाळीला दोघं एकाच बसनं गावी निघाले. बीबी आधी, त्याला पुढे मेहकर, खामगाव करत जायचं. जालन्याच्या अलीकडे तिची मान त्याच्या खांद्यावर कलली आणि ती गाढ झोपली. बीबी येईपर्यंत तो हलला नाही. ती उतरून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की हात पार बधिर झालाय. तो हात त्यानं मेहकरपर्यंत तसाच ठेवला. हा एवढाच काय तो प्रताप.

एका पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. तापात माणूस मनातलं बोलून जातो म्हणतात. सुवर्णा उशाशी बसून, कान देऊन ऐकत होती. हा गडी तापातही "आधी मेन स्विच बंद करा, मंग हात लावा" याच्या पलीकडे गेला नाही. तिला हसावं की रडावं कळेना. पण नीट ऐकलं तर त्याच्या मनातलं तेच होतं. आधी सगळं बंद करायचं, पुन्हापुन्हा खात्री करायची आणि मगच बोट लावायचं, हे त्याच्या धंद्यात शिकवलेलं. सुवर्णाच्या बाबतीत त्यानं बंद करण्यापर्यंतचं काम चोख केलं आणि तिथंच थांबला.

तानुबाईंना हे नातं कळलं ते त्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आल्या तेव्हा. मालकीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा मुलगा फार गुणी हो." तानुबाईंना बहीण नव्हती. "हाव, गुनी हाये," असं म्हणून त्या वर आल्या, दार लावलं आणि लेकीला समोर बसवलं. सुवर्णानं सगळं सांगितलं. नाव, गाव, जात.

"मानलेला भाऊ हाये, आई."

तानुबाई बराच वेळ पुढ्यातल्या शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ मानला ना? मंग काही हरकत न्हाई."

ऑपरेशननंतर त्यांच्या डोळ्यांत वेळच्या वेळी औषध घातलं ते नागसेननं, कारण सुवर्णाच्या ड्यूट्या बदलत असायच्या. तो आजाऱ्याला करतात तसा मऊ भात करायचा, ताटलीत कुठं काय आहे ते सांगून भरवायचा. गावी परतताना तानुबाई त्याला पोटाशी धरून रडल्या. त्या वर्षीपासून भाऊबीजेला बीबीचं बोलावणं यायला लागलं. त्या घरात त्याच्या समाजातलं माणूस कधी ओट्याच्या वर आलं नव्हतं. नागसेनला तानुबाईंनी थेट चुलीपाशी पाट टाकून दिला. भावकीत कुजबुज झाली, पण म्हातारीला मुलगा नाही, पोरीनं भाऊ मानलाय, म्हणून सगळ्यांनी ते गिळलं.

आणि आज त्याच पाटावर तो टिळ्याचं कुंकू कालवत बसला होता.

मागच्या दारानं सुवर्णा आत आली. मोरपंखी साडी, केसांत गजरा. तिनं देवघराकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "लावणार का तू?"

"मावशीनं सांगतलं."

"आईनं काय सांगितलं ते मला म्हाईत हाये. मी तुला विचारू लागले."

"पोरगा चांगला दिसते," नागसेन वाटीकडे बघत म्हणाला.

"हाव, चांगलाच हाये. मी अजून होकार दिला न्हाई. आईला म्हणले, नागसेननं टिळा लावला तर माझं काही म्हणणं न्हाई."

त्यानं मान वर केली. "माह्यावर काऊन टाकून राह्यली हे?"

"मंग कोणावर टाकू? राखी मी बांधली, खोटं मी बोलले, पाच वर्षं वाट मी पाह्यली. आता एक काम तू कर."

देवघराकडून बांगड्या वाजल्या, तशी ती आली तशी निघून गेली. तानुबाई नवीन कुंकू घेऊन आल्या. या वेळी पाणी त्यांनीच घातलं, कालवलंही त्यांनीच. वाटी तबकात ठेवली, शेजारी नारळ ठेवला आणि त्या तिथंच खाली टेकल्या.

"तुला वाटत असंल, म्हातारीला काही दिसत न्हाई. डोळे तूच बरे केलेस माझे. दिसतं मला तुमचं दोघांचं."

"मंग मलेच काऊन बलावलं मावशी?"

"म्हनूनच बलावलं. तुझ्या हातानं झालं म्हंजे तुझं बी मन बसंल अन् तिचं बी." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाऊ म्हनून मी तुला हितवर आनलं अन् भावकी गप राह्यली. दुसरं काही म्हनून आलास तर हे लोक तुला तर येऊ देनारच न्हाईत, तिलाबी या घराची ठेवनार न्हाईत. मला एक लेक हाये अन् एक तू लेक मिळालास. दोन्ही ठेवायचे हायेत मला. लाव बाबा टिळा."

नागसेनला त्या बाईची दया आली, तिच्यावर जीव होता तो उफाळून आला आणि रागही आला. सगळं एकदमच आलं. त्यानं तबक उचललं.

बैठकीत उपम्याच्या बशा फिरत होत्या. "ये, ये," रामराव उसन्या मोठ्या आवाजात म्हणाले. "पाहुणं, हा आमच्या सुवर्णाचा पुन्यातला भाऊ. चला, उरकून घ्या."

नागसेन ज्ञानेश्वरसमोर गुडघ्यावर बसला. ज्ञानेश्वरनं टोपी काढली, केस मागे सारले आणि समजूतदारपणे कपाळ खाली केलं. नागसेननं बोट वाटीत बुडवलं, वर उचललं आणि ते तसंच राहिलं. कुंकवाचा एक ओघळ मनगटाकडे निघाला.

"मले नाही जमत," तो म्हणाला.

"काय जमत न्हाई? टिळा?" रामराव हसले. पाहुण्यांपैकीही एकदोघं हसले.

"मी तिचा भाऊ नाही."

"मानलेला. मानलेला भाऊ हाये. सांगितलं हाये आपन पाहुन्यांना."

"मानला बी नाही. मी कधीच मानली नाही बहीन." नागसेनला पुढे बरंच सांगायचं होतं. कुठून सुरू करायचं ते त्यानं कधी ठरवलंच नव्हतं, म्हणून जे पहिलं हाताला लागलं ते बाहेर पडलं. "पुन्यात आमी एका घरात राह्यतो. दोघंच. पाच वर्षं झाले."

फिरत्या बशा जागच्या जागी थांबल्या. आपण काय बोलून बसलो ते त्याला पाहुण्यांच्या चेहऱ्यांवरून समजलं. "म्हंजे तसं काही नाही," तो घाईनं म्हणाला. "तसं काहीच झालं नाही आमच्यात." आणि उरलंसुरलंही गेलं. पाच वर्षं जिच्या अब्रूला तो जिवापाड जपत आला होता, तिची अब्रू त्यानं खरं बोलून बैठकीत मांडली होती.

ज्ञानेश्वरची आत्या बनाबाई हिनं हातातली बशी खाली ठेवली आणि पदर सावरून ती उठली. तिच्यामागे बाकीचे उठले. रामराव ताडकन उभे राहिले आणि त्यांनी नागसेनची कॉलर धरली. "भायेर हो. उठ हितून."

"काका, सोडा त्यांना." ज्ञानेश्वर टोपी घालत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, तरी आवाज चढला नव्हता. "टिळा लावून मंग सांगतलं असतं तं मी काय केलं असतं? आज बोलले ते बरं झालं." त्यानं तानुबाईंना वाकून नमस्कार केला आणि तो बाहेर पडला. रामरावांनी कॉलर सोडली आणि पाहुण्यांची समजूत काढत ते गाडीपर्यंत धावले. गाडी गेली.

सुवर्णा आतून आली आणि नागसेनसमोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर राग होता.

"इतकी वर्षं एका घरात राह्यलो. एकदा म्हणला असतास. चहा गाळताना म्हणला असतास, बादली भरताना म्हणला असतास. मला एकटीला. अन् म्हणलास ते साऱ्या बैठकीसमोर, ते बी असं."

"मले बोलता नाही येत, सुवर्णा."

"हाव. ते आज सगळ्यांनी पाह्यलं."

रामराव परत आले ते दारातच उभे राहिले. "वहिनी, आजपासून आमचं या घरी येनं-जानं बंद. पोरीला या घरची म्हनवायचं असंल तर ह्याचं पाऊल पुन्हा हितं दिसू नये. तुमचं तुम्ही ठरवा." ते गेले आणि त्यांच्यामागे भावकीतली एकेक बाई उठून गेली.

तानुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नागसेन त्यांच्याजवळ गेला आणि पाया पडायला वाकला. त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"भाऊ व्हतास तवर माझा लेक व्हतास," त्या म्हणाल्या. "आता मी तुला काय म्हनू?"

तो तसाच वाकलेला राहिला, मग सरळ झाला, कोपऱ्यातली पिशवी घेतली आणि ओटा उतरला. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. गल्लीत दारादारांत माणसं उभी होती आणि त्यांच्यातून त्याला एस. टी. स्टँडपर्यंत जायचं होतं. कुंकवाचं बोट त्यानं मुठीत दाबून धरलं आणि तो खाली बघत चालू लागला.

"नागसेन," मागून सुवर्णाचा आवाज आला. गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा. "थांब. मी येते."

तो वळला. ती ओट्यावर उभी राहून पायांत चप्पल अडकवत होती. घाईत तिला पट्टा लावता येईना, तशी ती तिथंच खाली बसली. तिच्या खांद्याला तिची पर्स होती, बाकी काही नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचा राग अजून तसाच होता. त्याच रागात ती उठली आणि पायऱ्या उतरली.

आत तानुबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही, थांब म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. सुवर्णाचा पाय अंगणात पडला तेव्हा त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "ऊन लई हाये. डोक्यावर घे काही."

सुवर्णानं पदर ओढून डोक्यावर घेतला, बीबीत लग्न झालेल्या बाया घेतात तसा. गल्लीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. मग ती नागसेनच्या बरोबरीनं चालू लागली.